घंटेशेजारचा कागद

मार्च लागला की आमच्या सदाशिव पेठेत बोलणं कमी होतं आणि पुटपुटणं वाढतं. गल्लीतल्या अभ्यासिका सकाळी सातलाच भरतात. चहाच्या टपरीवर मुलं एका हातात ग्लास आणि दुसऱ्या हातात घडी घातलेल्या नोट्स घेऊन उभी असतात. ओठ हलत असतात, आवाज येत नाही. समोरच्या इमारतीतली दहावीतली मुलगी गॅलरीत येरझाऱ्या घालत इतिहास पाठ करते, आणि तिच्या कृपेने आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांचाच इतिहास सुधारला आहे. दुपारी रसवंतीचे घुंगरू वाजतात. ऊन अजून पुरतं तापलेलं नसतं, पण पंख्याच्या पात्यांवरची धूळ पुसायची वेळ झालेली असते.

मला या दिवसांत आईचा आवाज आठवतो. आई इथेच, पलीकडच्या खोलीत असते. तेव्हा तो आठवावा लागायचं खरं तर काही कारण नाही. पण मला आठवतो तो दोन वर्षांपूर्वीच्या मार्च-एप्रिलमधला आवाज. स्वयंपाकघरात ओट्यासमोर उभं राहून, हात मागे बांधून, फळीवरच्या डाळींच्या डब्यांना उद्देशून बोलणारा.

माझा व्यवसायच बोलण्याचा. मी स्वतः फार बोलते असं नाही (आईचं याबाबतीत मत वेगळं आहे), पण लोकांना बोलायला शिकवते. हिंजवडीतल्या, खराडीतल्या कंपन्यांमध्ये जाऊन तिथल्या हुशार, अबोल मुलामुलींना चार माणसांसमोर उभं कसं राहायचं, हातांचं काय करायचं, पहिलं वाक्य कसं टाकायचं हे सांगते. कॉलेजात असताना मी वक्तृत्व स्पर्धांच्या मागे हिंडत असे. हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी वेगवेगळ्या सभागृहांत तेच ते आठ-दहा स्पर्धक भेटायचे, तीच ती भाषणं विषय बदलून करायचे आणि आळीपाळीने करंडक घरी न्यायचे. माझे चौदा करंडक अजून आमच्या शोकेसमध्ये उभे आहेत. ते पुसायचं काम आईकडे आहे आणि तिने त्याबद्दल कधी कुरकुर केलेली नाही. त्यामुळे ती माझ्याकडे भाषण लिहून मागायला आली तेव्हा मला नवल वाटलं नाही. उलट, इतकी वर्षं का नाही आली, असंच वाटलं.

आई नारायण पेठेतल्या एका शाळेत लेखनिक होती. दाखले, हजेरीपट, परीक्षांची वेळापत्रकं, सगळं तिच्या टेबलावरून जायचं. तेहेतीस वर्षं ती सगळ्यांची आपटे बाई होती. शिक्षक वर्गात बोलतात, मुख्याध्यापक प्रार्थनेनंतर बोलतात. ऑफिसातल्या बाईंनी माइकसमोर यावं असा प्रसंग नोकरीत एकदाच येतो, निवृत्तीचा. त्या शाळेची रीत अशी की निरोपाच्या दिवशी आधी सगळे तुमच्याविषयी चांगलं बोलतात, मग शाल आणि नारळ, आणि मग तुम्ही सत्काराला उत्तर द्यायचं. त्यातून कोणाची सुटका नाही. एकतीस मार्चला आईला उत्तर द्यायचं होतं, आणि फेब्रुवारी संपता संपता तिचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

तिने आधी स्वतः टिपणं काढली होती. शाळेत काम करणाऱ्या माणसांच्या घरी पाठकोऱ्या कागदांना कधी तोटा नसतो. सहावीच्या भूगोलाच्या जुन्या प्रश्नपत्रिकेच्या मागे तिने बारीक अक्षरात काही नावं लिहिली होती, आणि प्रत्येक नावापुढे चार-दोन शब्द. अमुक सर, पेन्शनचे फॉर्म. तमुक बाई, बाबांच्या आजारपणातला डबा. सर्वांत खाली लिहिलं होतं, 'सुमन, घंटेचा कागद.'

मी लाल पेन घेतलं. आता हे लिहिताना त्या पेनाची मला लाज वाटते, पण तेव्हा मी भलतीच खुशीत होते. म्हटलं, आई, नावांची यादी वाचायची नसते, लोक आपलं नाव येईपर्यंत ऐकतात आणि मग घड्याळ बघतात. म्हटलं, 'आदरणीय व्यासपीठ' म्हणायचं नाही, व्यासपीठ म्हणजे लाकडी फळी, तिला कशाला आदर. सुरुवात प्रसंगाने करायची. मी लिहून दिलं: तेहेतीस वर्षांपूर्वी एका पावसाळी सकाळी एक घाबरलेली मुलगी या शाळेच्या फाटकातून आत आली. आई म्हणाली, अगं, पण मी मे महिन्यात रुजू झाले, ऊन मी म्हणत होतं. मी म्हटलं, पावसाने वातावरण तयार होतं. ती बरं म्हणाली.

यादीतल्या शेवटच्या नावाशी मात्र मी क्षणभर थांबले होते, हे मला स्पष्ट आठवतं. सुमन म्हणजे शाळेतल्या शिपाई, सुमन मावशी. कसबा पेठेतून चालत यायच्या, सगळ्यांच्या आधी फाटक उघडायच्या, दिवसभराच्या घंटा त्याच द्यायच्या. लहानपणी आईच्या ऑफिसात बसून मी त्यांना पितळी थाळीवर टोला देताना बघितलं होतं. मी आईला विचारलं, घंटेचा कागद म्हणजे काय? आई मटार सोलत होती. ती म्हणाली, काही नाही, जुनं आहे, नको असेल तर राहू दे. मी म्हटलं, राहू दे, लोकांना संदर्भ लागणार नाही. आणि त्या नावावर लाल रेघ मारली. आईने मटाराची पुढची शेंग उचलली.

मग तालीम सुरू झाली. मार्चचे ते सगळे दिवस मला कुकरच्या शिट्ट्यांसकट आठवतात. शेवटच्या रांगेकडे बघ, असं मी सांगायची, आणि आई तूरडाळीचा डबा सोडून वरच्या फळीवरच्या साबुदाण्याकडे बघायची. वाक्याच्या शेवटी आवाज खाली पाडू नकोस. हात सोड. श्वास घे. जिथे टाळ्या अपेक्षित तिथे मी कागदावर लाल शाईत 'टाळ्या, थांब' असं लिहिलं होतं. असं आम्ही सगळे स्पर्धावाले लिहायचो. आई उत्तम विद्यार्थिनी होती. सांगाल ते करायची, विचारायची काही नाही. माझ्या कंपन्यांमधली मुलं दर वाक्याला शंका काढतात. आईने एकही काढली नाही, याचा तेव्हा मला अभिमान वाटला.

एकतीस मार्चला सभागृहात आईचं भाषण छान झालं. एकाच जागी गंमत झाली. 'ही शाळा माझं दुसरं माहेर आहे' या वाक्यानंतर टाळ्या लिहिलेल्या होत्या, आणि त्या आल्या नाहीत. आई थांबली. सांगितलं होतं म्हणून थांबली, आणि आल्याशिवाय पुढे जायचं कसं, म्हणून थांबूनच राहिली. डोक्यावरचे पंखे ऐकू येऊ लागले. शेवटी खेळाच्या सरांना दया आली, त्यांनी दणकून टाळी दिली, मग सभागृह जागं झालं आणि आई पुढे निघाली. बाकी सगळं माझ्या मनासारखं झालं. लोक येऊन म्हणाले, बाई, तुम्ही इतक्या वर्षांत बोलला नाहीत कधी. सुमन मावशी दाराशी पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभ्या होत्या, त्यांनी आईच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाल्या, चांगलं बोललात. आईने त्यांच्याकडे बघितलं नाही. हे मी पाहिलं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर आईने शाल घडी करून ठेवली, नारळ देवासमोर ठेवला आणि माझ्यासमोर बसली. म्हणाली, "छान झालं. सगळे म्हणाले. पण मला जे एक बोलायचं होतं तेच राहिलं."

मग तिने मला घंटेच्या कागदाची गोष्ट सांगितली.

ती अकरा वर्षांपूर्वीची होती, याच दिवसांतली. वार्षिक परीक्षा चालू होती. परीक्षेच्या दिवसांत रोजच्या घंटा चालत नाहीत, प्रत्येक दिवसाच्या वेळा वेगळ्या असतात. म्हणून आई रोज एका कागदावर त्या दिवसाच्या वेळा टाइप करून घंटेशेजारच्या भिंतीवर लावायची, आणि सुमन मावशी त्या कागदाबरहुकूम घंटा द्यायच्या. त्या दिवशी नववीचा पेपर अकराला संपायचा होता. आईने टाइप केलं साडेदहा. मावशींनी साडेदहाला टोले दिले, वर्गांवरच्या शिक्षकांनी उत्तरपत्रिका ओढून घेतल्या, आणि पाच मिनिटांत शाळेत रडारड सुरू झाली. आई ऑफिसातून उठून घंटेपाशी गेली. कागद बघितला. तिच्या लक्षात आलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. तिने कागद काढला, ऑफिसात येऊन अकराचा दुसरा टाइप केला आणि नेऊन लावला.

त्यानंतर तेव्हाचे मुख्याध्यापक आले आणि त्यांनी भिंतीवरचा कागद वाचला. सुमन मावशी म्हणाल्या, यावर साडेदहाच होतं. मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांसमोर त्यांना विचारलं, मावशी, वाचता येत नाही का तुम्हाला? त्यांना लेखी ताकीद मिळाली. नववीचा पेपर रविवारी पुन्हा घेतला गेला, पालक शांत झाले आणि सगळे विसरले. फक्त स्टाफरूममध्ये ती एक थट्टा होऊन बसली. मावशी नोटीस घेऊन आल्या की कोणीतरी म्हणायचं, नीट वाचलीत ना? वाईट मनाने नव्हे; आपल्याकडे अशा गोष्टी वाईट मनाने कोणी बोलत नाही, नुसतीच बोलतात. मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि स्वच्छ वाचायच्या. पण त्या दिवसापासून घंटा देण्याआधी त्या कागदावर बोट ठेवून वेळ मोठ्याने वाचू लागल्या, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून विचारू लागल्या, बघा हो, साडेदहाच आहे ना? घंटा आईच्या खिडकीसमोरच होती. अकरा वर्षं, प्रत्येक परीक्षेत, तिने ते बघितलं.

मला आईचा राग आला, हे लिहायला हवं. लहानपणी मी शेजारच्यांच्या कुंडीतलं फूल तोडून नाही म्हटलं होतं, तर मला त्यांच्या दारात उभं करून खरं बोलायला लावणारी बाई ही. मी म्हटलं, तेव्हाच का नाही सांगितलंस? आई म्हणाली, पहिल्या मिनिटाला घाबरले होते, दुसऱ्या दिवशी लाज वाटली, आणि महिन्याभराने ते सांगणं विचित्र वाटायला लागलं. मग म्हणाली, निरोपाच्या दिवशी सगळे जमलेले असतात, तेव्हा सांगायचं असं ठरवून ठेवलं होतं. आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तू ते नाव खोडलंस तेव्हा मला बरंच वाटलं गं."

त्या रात्री मी माझ्या लाल पेनाबद्दल बराच विचार केला. मी माणसांना बोलायला शिकवते, म्हणजे नेमकं काय करते? माझ्याकडे येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो. मी ते हातात घेऊन न्याहाळते, त्याच्या कडा घासते, चकचकीत करते, परत देते. तो खूश होऊन जातो. पण तू हे कोणाला सांगायला निघाला आहेस, आणि ते ऐकल्यावर त्या माणसाचं काय होणार आहे, हे मी दहा वर्षांत किती जणांना विचारलं? आईला विचारलं नव्हतं. ती साबुदाण्याच्या डब्याकडे बघून बोलत होती, आणि मी तिला नजर कशी ठेवायची ते शिकवत होते.

सुमन मावशींची निवृत्ती त्याच एप्रिलच्या तीस तारखेला होती. शिपायांचा निरोप सभागृहात होत नाही. स्टाफरूममध्ये, चहाच्या वेळेत, पंधरा मिनिटांत उरकतात. आई म्हणाली, मी तिथे बोलणार. मुख्याध्यापिका आता नव्या होत्या. आईने त्यांना फोन करून दोन मिनिटं मागितली आणि त्यांनी आनंदाने दिली. त्यांना वाटलं असेल, आपटे बाईंना आता भाषणाची गोडी लागली.

एप्रिलमध्ये ओट्यासमोर पुन्हा तालीम सुरू झाली. कैऱ्या आल्या होत्या, आई साखरांब्यासाठी किसत बसायची आणि मध्येच उठून उभी राहायची. सवयीने मी पहिला मसुदा लिहून दिला. त्यात घंटेचं वर्णन होतं, परीक्षेच्या सकाळची शांतता होती, आणि खरी गोष्ट शेवटपर्यंत राखून ठेवली होती. आईने तो शांतपणे वाचला आणि किसाच्या ताटाखाली ठेवला. म्हणाली, सुमनला काय हे कोडं घालायचंय? मी लिहिते, तू फक्त ऐक.

तिचं पहिलं भाषण दीड पान होतं. त्यात त्या दिवशीची सगळी परिस्थिती होती. आदल्या रात्री बाबांना छातीत दुखायला लागलं होतं, ती सकाळी दवाखान्यातून परस्पर शाळेत आली होती, डोळ्यांवर झोप होती. हे सगळं खरं होतं. बाबा त्याच दुखण्याने चार वर्षांनी गेले. मला वाटलं, हे ठेवायला हवं, ऐकणाऱ्याला समजेल. दुसऱ्या दिवशी आईने ते काढून टाकलं. मी विचारलं तर म्हणाली, बाबांना मध्ये घातलं की सुमनला गप्प बसावं लागेल, तिला रागावताही येणार नाही. मग मुख्याध्यापकांचा कडक स्वभाव गेला. मग 'तेव्हापासून माझ्या मनाला टोचणी लागली आहे' हे वाक्य गेलं, कारण आईच्या मते टोचणी तिची तिला, त्यात इतरांनी काय करायचं. रोज किसलेल्या कैरीबरोबर काहीतरी कमी व्हायचं. मी आयुष्यभर भाषणं कापत आले आहे, ती वेळेत बसवण्यासाठी. एखादं वाक्य समोरच्या माणसासाठी जागा सोडावी म्हणून कापतात, हे मी त्या महिन्यात पहिल्यांदा बघितलं.

एका जागी मात्र ती अडायची. 'तो कागद बदलला गेला', असं तिच्या तोंडून यायचं. मी म्हणायची, कोणी बदलला? ती म्हणायची, हो, तेच. पुन्हा सुरुवात करायची आणि पुन्हा त्याच जागी कागद आपला आपण बदलायचा. आठवडाभर तो असाच बदलत राहिला. मी श्वासाचे व्यायाम सुचवले, पाणी पिऊन बघ म्हटलं. एके दिवशी दुपारी ती गॅस बंद करता करता, माझ्याकडे पाठ असताना, म्हणाली, "कागद मी बदलला." आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ घातलं म्हणून सांगावं तसा. मग ती खुर्चीवर बसली आणि पदराने चेहरा पुसला. मी काही सूचना केली नाही.

हल्ली माझ्या वर्गात एक यवतमाळकडचा मुलगा येतो. परवा त्याने विचारलं, मॅम, ओपनिंग कॅची कसं करायचं? पूर्वी मी त्याला पाच प्रकार सांगितले असते, अजूनही सांगू शकते. पण मी त्याला विचारलं, हे ऐकून कोणाचं काय अडलेलं सुटणार आहे? तो गोंधळला. म्हणाला, ते तर मी पाह्यलंच नाही मॅम. मी म्हटलं, मीसुद्धा फार उशिरा पाहिलं. तो हसला, आणि आम्ही त्याच्या पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.

तर तीस एप्रिल. परीक्षा संपल्या होत्या, मुलं नव्हती, वर्गांची दारं उघडी होती आणि आत बाकं एकावर एक रचलेली होती. स्टाफरूममध्ये शिक्षक दुसऱ्या दिवशी वाटायच्या प्रगतिपुस्तकांचे गठ्ठे बाजूला सारून बसले होते. आईने मला बरोबर नेलं होतं; मी दाराशी स्टुलावर बसले. सुमन मावशी मधल्या खुर्चीत, नव्या साडीत, जरा अवघडून बसल्या होत्या. त्यांना त्या खोलीत बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. दोन शिक्षक बोलले. मावशींचा वक्तशीरपणा, मावशींचा हसरा चेहरा. एक जण लाडाने म्हणाले, आता आम्हाला नोटीस कोण वाचून दाखवणार, आणि काही लोक हसले. मावशीही हसल्या.

मग आई उठली. मी तिला शिकवलेलं तिने काही केलं नाही. शेवटच्या रांगेकडे बघितलं नाही, हात पदरात गुंडाळलेले होते, आवाज पहिल्याच वाक्याला फाटला. ती फक्त सुमन मावशींकडे बघत होती.

"अकरा वर्षांपूर्वी वार्षिक परीक्षेत घंटा अर्धा तास आधी झाली. त्या दिवशीच्या कागदावर साडेदहा असं मीच टाइप केलं होतं. नंतर तो कागद मी बदलला, आणि सुमनला तुम्ही सगळे बोललात तेव्हा मी गप्प बसले. सुमनने बरोबर वाचलं होतं."

एवढंच, आणि ती बसली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ज्यांना तो दिवस आठवत होता ते आपापल्या चहाच्या कपात बघत होते, ज्यांना माहीत नव्हता ते त्यांच्याकडे बघत होते. मघाशी नोटिशीवरून बोललेले सर उठून खिडकीपाशी गेले. मुख्याध्यापिकांना पुढे काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी शाल उचलली. सुमन मावशींनी मान खाली घालून ती घेतली. उत्तर द्यायला त्या उठल्या, सगळ्यांचे आभार मानले, मुलांची आठवण येईल म्हणाल्या. आईचं नाव घेतलं नाही. मला आईची काळजी वाटत होती. तिला आता बरं वाटेल असं मी गृहीत धरलं होतं, पण तिचा चेहरा तसा दिसत नव्हता.

आम्ही जिन्यापर्यंत आलो तेव्हा मागून मावशींनी हाक मारली. खांद्यावर शाल तशीच होती, एका हातात नारळ. त्या आईसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हे तेव्हा बोलायला पाहिजे होतं बाई तुम्ही."

"हो," आई म्हणाली.

आईला कागद काढून घेताना मावशींनी बघितलं नव्हतं. पण आपण बरोबर वाचलंय हे त्यांना त्या दिवसापासून ठाऊक होतं आणि ते सांगायला जागा नव्हती, असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या की त्यांची मुलगी रेखा तेव्हा याच शाळेत सहावीत होती. वर्गातल्या मुली तिला चिडवायच्या. तिने घरी येऊन विचारलं होतं, आई, तुला खरंच वाचता येत नाही का? मावशींनी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवलं होतं. रेखाने ऐकून घेतलं, पण त्या दिवसापासून ती शाळेच्या कागदांवर मावशींची सही घेताना आधी स्वतः वाचून दाखवू लागली.

"आता नाशिकला नोकरीला असते," मावशी म्हणाल्या. त्यांनी नारळ माझ्या हातात दिला, मोबाइल काढला, नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन आईच्या तोंडासमोर धरला.

"बोला."

आईने माझ्याकडे बघितलं. माझ्याजवळ तिच्यासाठी एकही शब्द लिहिलेला नव्हता. पलीकडून रेखाचा आवाज आला, हां आई, झाला का कार्यक्रम?

"रेखा, मी शाळेतली आपटे बाई बोलतेय, ऑफिसमधली. त्या परीक्षेच्या दिवशी तुझ्या आईने बरोबर वाचलं होतं. चुकीची वेळ मी लिहिली होती."

मावशींचा हात स्थिर होता. मग रेखा म्हणाली, "बाई, पुन्हा एकदा सांगता?"

आईने पुन्हा सांगितलं.